दातांमधली फट: बुजवायची की राहू द्यायची?

दातांच्या डॉक्टरांकडे ‘इथे फट आहे, काहीतरी करायचंय’ असं म्हणत येणारी माणसं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. समजा, एक घोडबंदर रोडवरची सव्वीस वर्षांची मुलगी. वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये तिला लहानपणापासून फट आहे. आजवर तिचं त्यामुळे काही अडलं नाही, पण आता साखरपुडा झालाय आणि फोटोग्राफर ‘जरा हसा’ म्हणाला की हात आपोआप तोंडाकडे जातो. दुसरे ऐरोलीचे एक काका. खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, ‘पुढचं नंतर बघू’ म्हणाले, आणि आता त्या बाजूने घास चावलाच जात नाही.

दोघांनाही रस्त्यात एकच पाटी दिसते: स्माईल मेकओव्हर, सुलभ हप्त्यांत. पण दोघांचं दुखणं एक नाही. मुलीला घाई आहे ती मुहूर्ताची. तिच्या तोंडात काहीही बिघडत नाहीये. काकांच्या तोंडात मात्र हळूहळू बरंच काही हलतंय, आणि त्यांना कसलीच घाई नाही. म्हणून कॅप, व्हेनियर, इम्प्लांट ही नावं जरा बाजूला ठेवू. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. फट पडली कशामुळे? आणि काहीच केलं नाही तर पाच-दहा वर्षांनी काय होईल?

फट जुनी की नवी?

लहान मुलांपासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तर सोपं आहे. सात ते अकरा वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात बऱ्याचदा फाकलेले दिसतात. आईवडील घाबरतात, पण वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी खाली उतरताना या दातांना जवळ ढकलतात आणि छोटी फट पुष्कळदा आपोआप मिटते. फट मोठी असेल तर एक एक्स-रे काढून घ्यावा. कधी हाडात मधोमध एखादा जादा दात दडलेला असतो, कधी शेजारचा दात मुळात तयारच झालेला नसतो. यातलं काही नसेल तर सुळे येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

मोठेपणी जी फट ‘पहिल्यापासूनच’ असते, तिची कारणं सहसा निरुपद्रवी असतात. जबडा रुंद आणि दात बारीक, ओठाच्या आतल्या बाजूचा पडदा जाड आणि दातांच्या मध्ये उतरलेला, किंवा पटाशीच्या बाजूचा दात खुंटीसारखा निमुळता. अशी फट तीस वर्षं जशीच्या तशी राहते. तिने दात किडत नाहीत, हिरड्या बिघडत नाहीत. उलट तिथे ब्रश चांगला पोचतो. घरातल्या आज्या अशा फटीला भाग्याचं लक्षण म्हणतात. त्यात तथ्य नसेल, पण निदान आजी तुम्हाला खर्चात तरी पाडत नाहीत.

काळजीची असते ती नवी फट. चाळिशीच्या आसपास लक्षात येतं की एकमेकांना चिकटलेले पुढचे दात सुटे झालेत, थोडे पुढे आलेत, एखादा लांब दिसायला लागलाय. यामागे बहुतेक वेळा हिरड्यांचा आजार असतो. दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड झिजत गेलं की दाताचा आधार कमी होतो. मग जिभेच्या आणि चावण्याच्या रोजच्या दाबानेही तो सरकतो. मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर हे लवकर घडतं. सिगारेट ओढणाऱ्यांची आणखी फसगत होते: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतून नुकसान होत असूनही वरून सगळं ठीक वाटतं.

जुनी की नवी हे ओळखायला घरबसल्या एक चांगला पुरावा आहे: जुने फोटो. लग्नाचा अल्बम, सहलीचे फोटो, कुठेही तोंडभर हसलेला चेहरा शोधा. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत फट नसेल तर ती बुजवण्याआधी हिरड्यांची तपासणी झालीच पाहिजे. डॉक्टर एका बारीक मापपट्टीने हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. तीनपर्यंत ठीक, पाच किंवा त्याहून जास्त म्हणजे उपचार हवेत. आजार तसाच ठेवून वरून फट बुजवली, तर दात सरकायचे थांबत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत फट पुन्हा दिसते, फक्त मधल्या काळात आणखी हाड गेलेलं असतं.

इथेच एक गैरसमज आडवा येतो, आणि तो ठाण्यात जितका ऐकू येतो तितकाच पनवेललाही: ‘क्लिनिंग केल्यामुळे दात हलले, फटी पडल्या.’ घडतं ते असं. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दगडासारखं घट्ट होतं. त्याच्याखाली हिरडी मागे सरते, हाड उतरतं आणि रिकाम्या जागेत किटणच भरून राहतं. दात आणि किटण मिळून एक सलग भिंत दिसते. किटण काढलं की आधीच पडलेली फट उघडी पडते, आणि किटणाच्या आधाराने उभा असलेला सैल दात हलतोय हे जाणवतं. सूज उतरल्यावर हिरडीही थोडी आक्रसते. माणसाला वाटतं, डॉक्टरने दात बिघडवले, आणि पुढची दहा वर्षं तो दवाखान्याची पायरी चढत नाही. नंतर काढाव्या लागणाऱ्या कितीतरी दातांची सुरुवात या एका समजुतीपासून होते.

पुढची फट: काय करता येतं

हिरड्या निरोगी आहेत आणि फट जुनी आहे, तर काहीच न करणं हा रास्त पर्याय आहे. डॉक्टरने तो तोंडाने सांगितला नाही तर तुम्ही विचारा. आणि एक प्रश्न स्वतःलाही: फट कुणाला खटकतेय? आरशात तुम्हाला, की सासरच्या एखाद्या आत्याबाईंना? पहिल्या कारणासाठी पैसे खर्च करण्यात काही वावगं नाही. मोकळं हसता येणं ही चैन नव्हे.

करायचंच असेल तर तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सौम्य म्हणजे बाँडिंग. दाताच्या रंगाचं काँपोझिट, म्हणजे सिमेंट भरतात त्याच जातीचं साहित्य, दोन्ही दातांच्या कडांना थर देऊन लावतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. दात घासावा लागत नाही किंवा अगदी नावापुरता लागतो. काम बहुधा एका बैठकीत होतं आणि पुढे नकोसं वाटलं तर काढता येतं. मर्यादा सांगायची तर चहा-हळदीने ते पिवळट पडतं, चिक्की किंवा मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडायला गेलं की कपचा उडतो. दर काही वर्षांनी पॉलिश किंवा डागडुजी धरूनच चालायचं.

बाँडिंगमध्ये थोडं गणितही आहे. वरचा मधला दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो. फट दोन मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दाताला एकेक मिलिमीटर जोडावा लागेल. साडेनऊ झाले तरी चेहऱ्यावर खपून जातं. फट चार मिलिमीटरची असेल तर दोन्ही दात साडेदहा मिलिमीटरचे होतील, म्हणजे जवळजवळ चौकोनी, फावड्यासारखे. अशा वेळी चांगला डॉक्टर ती जादा रुंदी चार दातांत वाटून देतो, नाहीतर आधी दात थोडे सरकवायला सांगतो. काम पक्कं करण्याआधी काँपोझिट कायमचं न चिकटवता, नुसतं दातावर बसवून आरशात दाखवा असं सांगता येतं. त्याला मॉकअप म्हणतात. आवडलं नाही तर तिथल्या तिथे निघतं.

दुसरा रस्ता व्हेनियरचा. चिनी मातीची पातळ चकती दाताच्या दर्शनी भागावर चिकटवतात. दिसतं सुरेख, डाग धरत नाही, दहा-पंधरा वर्षं टिकू शकतं. पण ती बसवण्यासाठी बहुतेकदा दाताचं एनॅमल, म्हणजे वरचा कठीण थर, सुमारे अर्धा मिलिमीटर घासावं लागतं, आणि एनॅमल पुन्हा येत नाही. पंचविसाव्या वर्षी घासलेल्या दाताला आयुष्यभर कसलंतरी आवरण लागणार आणि ते तीन-चार वेळा बदलावं लागणार. फक्त फट बुजवायला, त्यातही निरोगी दातांवर आणि लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून, व्हेनियर करणं मला पटत नाही. दात मोडका किंवा कायमचा डागाळलेला असेल तर गोष्ट वेगळी. आधी बाँडिंग करून पाहा. व्हेनियरचा रस्ता पुढेही खुला राहतो.

तिसरा, दातच सरकवायचे: तारा किंवा अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक साचे. दात घासावे लागत नाहीत, मात्र महिने लागतात आणि अलाइनरचा खर्च हजारांतून लाखात जाऊ शकतो. जाहिरातीत कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढेच आहे. मधली फट पुन्हा उघडण्याबद्दल बदनाम आहे. त्यामुळे दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवून घ्यावी लागते किंवा रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घालावा लागतो, तोही वर्षानुवर्षं. घरी स्वतःच माप घ्या, कुरियरने अलाइनर येईल, या योजनांपासून लांबच राहा. एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी न करता दात सरकवले, तर हाड आधीच कमी असलेले दात सैल होतात.

दात गेलाय, आता?

काकांकडे वळू. दात पडला किंवा काढला की त्या जागी काहीतरी बसवलंच पाहिजे, असा नियम नाही. अक्कलदाढ कुणीच परत बसवत नाही. तिच्या पुढची, म्हणजे अक्कलदाढ सोडली तर सगळ्यात मागची दाढ गेली तरी बहुतेकांचं जेवण नीट चालतं. नेदरलँड्समधले दंतवैद्य केसर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की मागच्या दाढा नसल्या तरी पुरेसे दात समोरासमोर टेकत असतील तर तोंडाचं काम भागतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९२ मध्ये उद्दिष्ट ठेवलं ते आयुष्यभर किमान २० नैसर्गिक दात टिकवण्याचं, बत्तिशीचं नव्हे. तेव्हा शेवटच्या दाढेसाठी कुणी इम्प्लांटचा आग्रह धरला तर ‘नाही केलं तर काय होईल?’ असं जरूर विचारा.

पुढचा दात गेला तर प्रश्न दिसण्याचा आणि बोलण्याचाही. तो बहुतेक सगळेच बसवून घेतात. खरा घोळ होतो पहिल्या दाढेचा. ती सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पडता गुपचूप येते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. चावण्याचा मोठा भार याच दाढेवर असतो, आणि लवकर जाणाऱ्या कायमच्या दातांत ती वरच्या क्रमांकावर असते.

ती गेल्यावर शेजाऱ्यांना मोकळी जागा मिळते. लोकलच्या सीटवर चौघांतला एक उठला की बाकीचे न ठरवता पसरतात, तसंच. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ खाली किंवा वर उतरत येते, तिरक्या कोपऱ्यांत अन्न अडकतं. सगळ्यांच्याच बाबतीत हे मोठ्या प्रमाणात होत नाही. काहींचे दात वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. म्हणून ‘आज माप आणि फोटो घेऊ, सहा महिन्यांनी ताडून पाहू’ हाही उपचारच आहे, फक्त ती सहा महिन्यांची तारीख खरंच पाळायची.

हाडाचं मात्र असं नसतं. दात काढल्यावर त्या जागेची हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. इम्प्लांटचा विचार असेल तर ती चर्चा दात काढण्याआधी करायची ती यासाठी. हाड कमी पडलं तर नंतर ते भरावं लागतं, म्हणजे खर्चही वाढतो आणि वेळही. आणि हो, वरचा दात काढल्याने डोळ्यांवर परिणाम होत नाही. त्या भीतीपोटी कुजलेले दात तोंडात ठेवणारी माणसं अजून आहेत.

पर्यायांत सगळ्यात स्वस्त ती काढ-घाल करायची प्लेट, म्हणजे एका-दोन दातांची कवळी. तारेच्या दोन हुकांनी शेजारच्या दातांना धरते, रात्री काढून पाण्यात ठेवायची. सवय व्हायला वेळ लागतो, पण तात्पुरती सोय म्हणून ती चांगली आणि कित्येकांना कायमची पुरते. तिचा एक घातक अवतार टाळा: दहा मिनिटांत, बिनामापाचा ‘फिक्स दात’. त्यात कच्चं ॲक्रिलिक तोंडातच ओतून, कधी तारेने बांधून, शेजारच्या दातांना चिकटवलेलं असतं. खाली अन्न कुजतं, हिरडी सडते आणि एका दातापायी आणखी दोन जातात.

ब्रिज आणि इम्प्लांट यांत निवड करताना लोक किमतीपासून सुरुवात करतात. मी शेजारच्या दातांपासून करेन. ब्रिज बसवायला दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅप चढवावी लागते आणि मधला खोटा दात त्या दोघांना लटकतो. शेजारी अस्पर्श, निरोगी असतील तर एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासायचे, हा महाग सौदा आहे. त्यातल्या एखाद्याची नस पुढे दुखावली तर रूट कॅनलही वाढतं. पण त्यांत आधीच मोठी सिमेंटं भरलेली असतील, रूट कॅनल झालेलं असेल, कॅप लागणारच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. हाडाला हात लावायचा नाही, दोन-तीन आठवड्यांत काम संपतं. पुढच्या दातासाठी शेजारच्या दातांना मागून पातळ पंखांनी चिकटवायचा ब्रिज मिळतो, त्यात शेजारचे दात फारसे घासावे लागत नाहीत. दर विचारताना मात्र लक्षात ठेवा, ब्रिजचा भाव दातामागे सांगतात. एक दात गेलाय, पण बिल तीन दातांचं येतं.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या अभ्यासात, खरं तर वेगळंच काही पाहत असताना, लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसावर ते वापरलं. स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने देतात, मग कॅप. ‘एका दिवसात दात’ काही निवडक रुग्णांत शक्य असतो, सरसकट नाही. दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. धातू किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं, आणि ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले त्यांनाच हा धोका जास्त. तंबाखू सुरू असेल, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) चढलेलं असेल, जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, हाडांच्या ठिसूळपणावरची इंजेक्शनं चालू असतील, तर हे सगळं आधी सांगायचं. डॉक्टरने विचारलं नाही तरीही.

वाढत्या वयात इम्प्लांट नको. क्रिकेट खेळताना चौदाव्या वर्षी पुढचा दात गेला तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. शेजारचे दात जबड्याबरोबर सरकतात, इम्प्लांट आहे तिथेच राहतो आणि काही वर्षांत तो बुडाल्यासारखा दिसतो. कायमचा दात अख्खा निखळला असेल तर मुळाला हात न लावता, धुळीचा असल्यास नुसता पाण्याखाली धरून, लगेच त्याच जागी बसवायचा. जमलं नाही तर दुधात ठेवून अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. बऱ्याचदा तोच दात जगतो. दुधाचा दात मात्र असा परत बसवत नाहीत.

कुणाकडे जायचं आणि काय मागायचं

‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ ही भारतात दंतवैद्यकाची स्वतंत्र मान्यताप्राप्त शाखा नाही. पाटीवर कुणीही लिहू शकतं. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, तिच्या शाखांत हिरड्यांचे तज्ज्ञ वेगळे, दात सरकवणारे ऑर्थोडाँटिस्ट वेगळे, कॅप-ब्रिज-कवळीचे प्रोस्थोडाँटिस्ट वेगळे. साधं बाँडिंग किंवा ब्रिज अनुभवी बीडीएस (पहिली पदवी घेतलेले) डॉक्टर उत्तम करतात. नवी फट, वाकडा चावा किंवा हाड कमी असलेला जबडा असेल तर संबंधित तज्ज्ञाचं मत घ्यावं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दोघांकडेही हवा.

या बाबतीत नवी मुंबईकरांची चैन आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम, इतकी दंत महाविद्यालयं हार्बर रेल्वेमार्गाच्या एका टोकाला आहेत. ठाण्याहून नेरुळला थेट ट्रेन जाते. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा जास्त पडतात, एका बैठकीत अर्धा दिवस जातो. पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी, आणि सगळ्या शाखांचे तज्ज्ञ एकाच इमारतीत. निव्वळ दुसरं मत घ्यायलाही ही जागा चांगली, कारण तिथे कुणाला तुम्हाला काही विकायचं नसतं.

खर्चाचा आकडा तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. इम्प्लांटच्या आकड्यात स्क्रू, त्यावरचा जोड आणि कॅप तिन्ही धरलेत का, हाड भरावं लागलं तर किती वाढेल, थ्रीडी स्कॅन वेगळा आहे का, हे लिहून हवं. वैद्यकीय विमा अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा देत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

काम संपलं की एक्स-रेची प्रत आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि माप असतं. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची चावी वेगळी असते. दहा वर्षांनी तुम्ही पुण्याला राहायला गेलात आणि कॅप सैल झाली, तर तिथला डॉक्टर सगळ्यात आधी तेच कार्ड मागेल.